नवा सूर आणि जुने रसिक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानमालेच्या निमंत्रणपत्रिकेवर आमच्या नावापुढे 'रॉक संगीत' हे शब्द वाचून आपणांपैकी कित्येकांना मुद्राराक्षसाचा विनोद वाटला असेल. काल याच व्यासपीठावरून संत नामदेवांच्या पंजाबातील वास्तव्यावर अभ्यासपूर्ण व्याख्यान झाले. त्यानंतर आज केंद्र सरकारच्या एका कार्यालयातला पन्नाशी उलटलेला अधिकारी गिटार आणि ड्रम्स यांविषयी बोलणार, हा योग काहीसा विचित्र खरा. संगीतातला कोणताही अधिकार आम्हांपाशी नाही. आम्ही साधे बी. ए. आहोत आणि आयुष्यात वाजविले ते फक्त शाळेतले लेझीम. तथापि ऐकणाऱ्याचाही एक अधिकार असतो आणि त्या अधिकाराबरोबर काही जबाबदारीही येते, असे आम्हांस वाटते. आजचे बोलणे त्या जबाबदारीविषयी आहे.

बँड म्हटला की वरातीपुढचा बँड आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत तो बँड आयर्लंडमधला असून त्याचे नाव यू-टू असे आहे. १९७६ च्या सप्टेंबरमध्ये डब्लिन शहरातल्या माउंट टेम्पल नावाच्या शाळेच्या फलकावर लॅरी म्युलन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने एक चिठ्ठी लावली. त्याला ड्रम्स वाजविता येत होते आणि साथीला वादक हवे होते. चिठ्ठी वाचून आलेली मुले त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात जमली. त्यांतूनच पुढे चौघे स्थिरावले: गायक बोनो, गिटार वाजविणारा एज, बास गिटार वाजविणारा अॅडम क्लेटन आणि स्वतः लॅरी. आपल्या मंडळाचा आरंभही त्याच सुमारास एका बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत झाला, असे आपले ज्येष्ठ सभासद सांगतात. म्हणजे मंडळ आणि हा वृंद समवयस्क होत. इतक्या साधर्म्यावर आमच्या विषयाला आपण आश्रय द्यावा.

पहिली दहा वर्षे या चौघांनी एकच सूर जपला. तो सूर गंभीर होता. उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचाराविरुद्ध ते गायिले. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर जो जगप्रसिद्ध कार्यक्रम झाला, त्यात त्यांच्या गायनाने लाखो लोक भारावून गेले. मार्च १९८७ मध्ये 'द जोशुआ ट्री' हा त्यांचा अल्बम प्रसिद्ध झाला आणि त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती जगभर गेल्या. एजच्या गिटारचा स्वर एकदा छेडला की तो प्रतिध्वनीसारखा पुन्हा पुन्हा उमटत राही. मोकळ्या माळरानावर कोणी हाक मारावी आणि ती दूरच्या टेकडीवर आपटून परत यावी, असा भास होई. आम्ही तो अल्बम विदर्भातल्या एका वसतिगृहात, कोणाकडून तरी मागून आणलेल्या कॅसेटवर ऐकला. इंग्रजी शब्द निम्मेअधिक कळले नाहीत, परंतु त्या सुरातली कळकळ कळली.

येथपर्यंतची कथा यशाची असल्यामुळे ती सांगण्यास सोपी आहे. आमच्या विषयाला खरा आरंभ होतो तो या यशानंतर.

१९८८ साली त्यांनी 'रॅटल अँड हम' हा अल्बम आणि त्याच नावाचा चित्रपट काढला. अमेरिकेतल्या जुन्या लोकसंगीताची मुळे शोधण्याचा तो प्रयत्न होता, बी. बी. किंग यांच्यासारख्या थोर कलावंताबरोबर ते त्यात गायिले. अल्बम खपला, परंतु समीक्षकांनी त्यांना धारेवर धरले. ही मुले स्वतःला फार थोर समजू लागली आहेत, असा त्या टीकेचा मथितार्थ होता. १९८९ च्या अखेरीस डब्लिनमधल्या कार्यक्रमात बोनोने व्यासपीठावरूनच श्रोत्यांना सांगितले की, आता आम्ही काही काळ दूर जाणार आहोत आणि सारे स्वप्न पुन्हा पहिल्यापासून पाहणार आहोत. श्रोते चरकले. वृंद फुटला, अशी वदंता पसरली.

वृंद फुटला नव्हता, परंतु फुटण्याच्या काठावर मात्र आला. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये, दोन्ही जर्मनींचे एकीकरण होत होते त्याच सुमारास, हे चौघे बर्लिनमधल्या हान्सा नावाच्या स्टुडिओत गेले. त्या शहराची नुकतीच पडलेली भिंत स्टुडिओपासून जवळच होती. शहर जोडले जात होते आणि आत चौघांमध्ये भिंत उभी राहत होती. बोनो व एज यांना नवे, यंत्रांतून निघणारे, नृत्याच्या ठेक्याचे ध्वनी हवे होते. लॅरी आणि अॅडम यांना जुनी, अनुभवाने सिद्ध झालेली वाट सोडण्याचे कारण दिसत नव्हते. यंत्र ठेका धरू लागले तर ड्रम्स वाजविणाऱ्याने काय करावे, हा लॅरीचा प्रश्न रास्तच होता. आठवडे गेले तरी गाणे जमेना. अखेर एका अर्धवट चालीवर काम करीत असताना एजने दोन वेगळ्या स्वरावली एकामागोमाग एक छेडल्या, बाकीचे तिघे सामील झाले आणि थोड्याच वेळात एक नवे गीत आकारास आले. 'वन' हे ते गीत. त्याच्या नावाचा अर्थ 'एक' असा व्हावा, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण म्हटला पाहिजे. त्या गीताने वृंद वाचला. उरलेले काम त्यांनी १९९१ साली डब्लिनला परतून पुरे केले.

इकडे रसिकांची स्थिती काय होती? ते वाट पाहत होते. वाट पाहणे म्हणजे रिकामे बसणे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो काळ मोठा उद्योगाचा असतो. वाट पाहणारा रसिक जुने अल्बम पुन्हा ऐकतो, नव्याची कल्पना बांधतो, अफवा गोळा करतो. आशा आणि भीती यांची त्याच्या मनात रोज झटापट चाललेली असते. १९९१ च्या वसंतात बर्लिनमधल्या कच्च्या ध्वनिमुद्रणाच्या फिती चोरीस गेल्या आणि त्यांच्या बेकायदेशीर प्रती बाजारात आल्या. अनेकांनी त्या मिळवून ऐकल्या आणि ते अधिकच धास्तावले. अर्धे रांधलेले अन्न चाखून स्वयंपाकाविषयी मत देऊ नये, हे आपल्या घरातल्या गृहिणी चांगले जाणतात. पण धीर सुटलेल्या माणसाला हे कोणी सांगावे?

ऑक्टोबर १९९१ मध्ये नव्या अल्बममधले पहिले गीत 'द फ्लाय' प्रसिद्ध झाले. ते ऐकून जुने रसिक अवाक् झाले. गिटार करवतीसारखी खरखरत होती. बोनोचा आवाज दूरध्वनीवरून यावा तसा दबलेला होता. शुभ्र निशाण हाती धरून शांततेची हाक देणारा हा गायक आता काळा चामडी पोशाख आणि डोळ्यांभोवती घट्ट बसणारा काळा चष्मा घालून स्वतःचीच थट्टा करीत होता. नोव्हेंबरमध्ये अल्बम आला. त्याचे नाव 'आख्तुंग बेबी'. 'आख्तुंग' हा 'सावधान' अशा अर्थाचा जर्मन शब्द. त्याला 'बेबी' जोडून गंभीरपणाची सारी वस्त्रे त्यांनी मुद्दाम उतरवून ठेवली होती.

आमची पहिली नेमणूक शिलाँगला झाली, तेव्हा या घटनेला तीन वर्षे होऊन गेली होती. परंतु तिथे तो वाद ताजाच होता. शिलाँग हे रॉक संगीतावर जीव टाकणारे शहर. लू माजॉ हे तेथील गायक १९७२ पासून दर २४ मे रोजी बॉब डिलनचा वाढदिवस गाण्याने साजरा करीत आले आहेत. अशा गावात आमच्या कार्यालयातला एक खासी सहकारी 'द जोशुआ ट्री'च्या पुढचे काहीही ऐकावयास तयार नसे. तो म्हणे, "माझा बँड १९८७ साली संपला. त्या नावाने आता दुसरेच कोणी गात आहेत." आम्ही म्हणत असू की, माणसे तीच आहेत. त्यावर तो शांतपणे म्हणे, "माणसे तीच असतील. मी त्यांच्यापाशी ज्यासाठी जात होतो, ते आता तिथे नाही."

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. दूरच्या गावी एकट्याने काढलेल्या दिवसांत ज्या सुराने सोबत केली, तो सूर आपल्या आयुष्याचा भाग होऊन बसतो. कलावंत तो बदलतो तेव्हा आपल्या आयुष्याचा तेवढा तुकडा कोणी न विचारता काढून नेल्यासारखे वाटते. घर सोडून दूर राहिलेल्या माणसांना ही वेदना समजावून सांगण्याची गरज नाही. तीन वर्षांनी गावी जावे आणि वाड्याच्या जागी चार मजली इमारत उभी दिसावी, तशातली ही गोष्ट आहे. म्हणून जुन्या रसिकाची तक्रार आम्ही हट्टीपणात जमा करीत नाही. तिच्यामागे प्रेमच असते.

परंतु तेवढ्यावर थांबूनही चालत नाही. 'आख्तुंग बेबी'च्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या, आणि आज बहुतेक जाणकार त्याला 'द जोशुआ ट्री'च्या बरोबरीचे स्थान देतात. मग नवे म्हणून जे येईल ते चांगलेच, असा निष्कर्ष काढावा काय? याचे उत्तर त्याच वृंदाच्या पुढच्या इतिहासात सापडते. मार्च १९९७ मध्ये त्यांचा 'पॉप' हा अल्बम आला. नृत्यसंगीताच्या दिशेने त्यात त्यांनी आणखी मोठी उडी घेतली होती. मात्र अल्बम पुरा होण्यापूर्वीच जगभरच्या दौऱ्याच्या तारखा ठरून गेल्या होत्या. तारीख आली, अल्बम घाईने बाहेर पडला आणि एप्रिलमध्ये दौरा निघाला. त्या दौऱ्यात एक अवाढव्य यांत्रिक लिंबू होते. त्यातून चौघे प्रकट होत. ऑस्लो येथे ते लिंबू मध्येच अडकले, आणि जगातला त्या काळचा सर्वांत नामांकित बँड आत कोंडला जाऊन अखेर मागच्या दाराने बाहेर पडला! लोक हसले आणि म्हणाले की, नावीन्याचा हव्यास यांना भोवला. वस्तुतः दोष नावीन्याचा नव्हता. गाणी अपुरी राहिली, हे वृंदाने पुढे स्वतःच मान्य केले आणि त्यांतली काही नव्याने सिद्ध करून २००२ सालच्या आपल्या संग्रहात घातली. दोन्ही वेळा बदल धाडसाचाच होता. पहिल्या वेळी तो पचेपर्यंत त्यांनी काम सोडले नाही. दुसऱ्या वेळी तारखेने त्यांच्या हातून ते काढून घेतले. सरकारी कार्यालयात ३१ मार्चपूर्वी निधी खर्च करण्याची जी धांदल आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो, तिच्यातून निघालेल्या कामांची आठवण आम्हांस येथे झाल्याशिवाय राहत नाही.

२००० साली ते पुन्हा जुन्या, सरळ सुराकडे वळले. तेव्हा गंमत अशी झाली की, जुने रसिक आनंदले आणि नव्यांनी तक्रार केली. "हे भ्याले," असे ते म्हणू लागले. सर्वांना एकाच वेळी तृप्त करणे कोणत्याही कलावंताच्या हाती नसते, हाच याचा अर्थ.

आता या इतिहासातला आणखी एक प्रसंग सांगतो. ९ सप्टेंबर २०१४ रोजी 'साँग्ज ऑफ इनोसन्स' हा त्यांचा नवा अल्बम अॅपल कंपनीने आपल्या सुमारे पन्नास कोटी ग्राहकांच्या संग्रहात एकाच दिवशी, विनामूल्य आणि न विचारता टाकला. आधी घोषणा नाही, प्रतीक्षा नाही. जगातली सर्वांत मोठी भेट म्हणून जी योजिली होती, तिच्यावर लोक संतापले. न मागितलेली वस्तू आमच्या संग्रहात का, असा प्रश्न इतक्यांनी केला की ती काढून टाकण्याची खास सोय कंपनीस करून द्यावी लागली आणि बोनोने क्षमा मागितली. १९९१ साली रसिकांनी भीत भीत वाट पाहिली आणि धक्का बसूनही ते गाणे आपलेसे केले. २०१४ साली वाट पाहण्याचे कष्टच कोणाला पडले नाहीत, म्हणून कित्येकांना ते गाणे आपले वाटले नाही. भूक लागण्यापूर्वी वाढलेल्या पानासारखी त्याची गत झाली. गाणे कलावंत करतो हे खरे, परंतु ते ऐकण्याची जागा रसिकाने वाट पाहून तयार केलेली असते.

हा अनुभव परदेशी संगीतापुरता आहे असे कोणी मानू नये. आपल्याच कुमार गंधर्वांचे उदाहरण घ्या. कोवळ्या वयात देशभर कीर्ती मिळविलेला हा गायक क्षयाने आजारी पडला आणि हवापालटासाठी १९४८ च्या आरंभी माळव्यातल्या देवास येथे आला. सुमारे पाच वर्षे गाणे बंद होते. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. महाराष्ट्रातले रसिक वाट पाहत होते. पुन्हा मैफलीत बसले ते कुमारजी मात्र पूर्वीचे नव्हते. माळव्यातल्या लोकगीतांनी आणि पुढे निर्गुणी भजनांनी त्यांचे गाणे आतून पालटले होते. कित्येक जाणत्यांनी नाके मुरडली. हे परंपरेत बसत नाही, असे म्हटले. आज तेच गाणे आपण परंपरा म्हणून ऐकतो. आणि ते घडले महाराष्ट्राबाहेर, देवाससारख्या गावी, हे आपणां बृहन्महाराष्ट्रातल्या मंडळींनी विशेष ध्यानात ठेवावे. घरापासून दूर असणे हे नेहमी उणेपणच असते असे नाही. कधी कधी तिथेच नवा सूर सापडतो.

१५ डिसेंबर २०१९ रोजी यू-टू बँड भारतात प्रथमच आला. नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांनी 'द जोशुआ ट्री' हा अल्बम संपूर्ण सादर केला. आम्ही अर्जित रजा काढून, वसतिगृहापासूनच्या एका मित्रासह गेलो. ए. आर. रहमान यांनीही व्यासपीठावर येऊन त्यांना साथ दिली. आमच्या भोवती पंचविशीतली मुले होती. ती अल्बम निघाला तेव्हा जन्मलीही नव्हती, तरी त्यांना प्रत्येक शब्द पाठ होता. बत्तीस वर्षांपूर्वीचा सूर ऐकून आम्ही तृप्त झालो, हे सांगावयास संकोच वाटत नाही. जुन्याची ओढ हा गुन्हा नव्हे.

मात्र पुढे २९ सप्टेंबर २०२३ रोजी अमेरिकेत लास व्हेगस येथे एका नव्या प्रचंड गोलाकार सभागृहाचे उद्घाटन झाले, तेव्हा जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. लॅरी शस्त्रक्रियेमुळे विश्रांती घेत होता, म्हणून ड्रम्सवर दुसरा वादक होता. त्या सभागृहात मार्च २०२४ पर्यंत त्यांनी चाळीस कार्यक्रम केले. तिथे कोणता जुना अल्बम वाजविण्यात आला? 'आख्तुंग बेबी'! ज्याने एके काळी जुन्या रसिकांची मने दुखविली, तोच आता जुन्या आठवणींचा ठेवा झाला होता, आणि तो ऐकताना साठीतले लोक डोळे पुसत होते. आमच्या शिलाँगच्या सहकाऱ्याचा निरोप आला. त्याने तो अल्बम प्रथमच पुरता ऐकला होता. त्याने एवढेच लिहिले होते: "बरा आहे. अजून एकदा ऐकतो."

श्रोतेहो, आता घरच्या गोष्टीकडे वळतो. यंदाच्या गणेशोत्सवातील संगीतसंध्येवरून आपल्या कार्यकारिणीत जी चर्चा झाली, ती आपणांस ठाऊक आहे. याच गावात जन्मलेल्या आपल्या मुलांनी गिटार आणि ड्रम्सच्या साथीने अभंग आणि स्वतः रचलेली मराठी गाणी सादर करण्याची इच्छा प्रकट केली. पन्नास वर्षे आपण या दिवशी नाट्यसंगीत ऐकत आलो. ती प्रथा मोडू नये, असे ज्येष्ठांचे म्हणणे पडले. ते म्हणणे प्रेमाचे आहे, हे आम्ही वर सांगितलेच. पण नाट्यसंगीताचाच इतिहास पाहा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणले. त्यानंतर १९११ साली 'मानापमान'साठी गोविंदराव टेंब्यांनी ज्या चाली बांधल्या, त्या किर्लोस्करी वळणाला सरावलेल्या कानांना नव्याच होत्या. आपण ज्याची राखण करीत आहोत, तेही एके काळी कोणाचे तरी धाडस होते.

म्हणून जुन्या रसिकाने तीन गोष्टी पाळाव्या, असे आम्हांस वाटते. त्याने वाट पाहावी, आणि अर्धवट तालीम ऐकून निकाल देऊ नये. नवे गाणे निदान दोनदा, शेवटपर्यंत ऐकावे. त्यानंतरही ते रुचले नाही तर स्पष्ट सांगावे. कारण नापसंतीचा हक्क सोडणारा रसिक कलावंताच्या कामाचा राहत नाही. आणि मुलांनाही एक विनंती आहे. तालमीपुरता वेळ घ्या. 'पॉप'ची घाई करू नका. यंदा जमले नाही तर पुढच्या वर्षी करा. आम्ही वाट पाहू.

कार्यकारिणीने मुलांना उत्सवाच्या चौथ्या दिवशीचा एक तास दिला आहे, असे आम्हांस कळले. आम्ही त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत बसणार आहोत. ज्येष्ठांनीही यावे. ड्रम्सचा आवाज मोठा वाटल्यास मागच्या रांगेत बसावे, परंतु उठून जाऊ नये, एवढी प्रार्थना आहे.